पंचाचा निवाडा आणि पोरांचा खेळ

'पांचांमुखीं परमेश्वर' अशी आपल्या भाषेंत एक म्हण आहे. पांच जाणतीं माणसें पारावर बसलीं, त्यांनीं दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि एकमतानें निवाडा दिला, म्हणजे तो देवाचाच निवाडा समजावा, असा तिचा भाव. फुटबॉलच्या मैदानावर 'पंच' हें नांव धारण करणारा मनुष्य मात्र एकटाच असतो. त्याला बसावयास पार नाहीं, साक्षीदार तपासण्यास सवड नाहीं आणि निकाल राखून ठेवण्याची सोय तर नाहींच नाहीं. बावीस जणांच्या मागें धापा टाकीत धांवतां धांवतां त्याला क्षणार्धांत न्याय द्यावा लागतो. त्यांतून खेळणारीं जर शाळेंतील मुलें असतील, आणि मैदानाच्या कडेला त्यांचे आईबाप उभे असतील, तर हें काम पत्करण्यापूर्वीं प्रत्यक्ष परमेश्वरही दोनदां विचार करील असें आम्हांस वाटतें.

शाळकरी फुटबॉलमधील पंचांचे विचित्र निवाडे हा सामान्यतः गप्पांचा विषय समजला जातो. ज्यानें म्हणून लहानपणीं चेंडूला पाय लावला आहे, त्याच्या गांठीस असा एखादा किस्सा असतोच, आणि तो सांगतांना बिचारा पंच हा नेहमीं आंधळा किंवा पक्षपाती ठरतो. परंतु ह्या किश्श्यांकडे इतिहास म्हणून पाहिलें, तर त्यांतून निराळेंच कांहीं हातीं लागतें. मोठ्या माणसांनीं लहान मुलांना न्याय म्हणजे काय हें कसें शिकविलें, आणि पुष्कळदां लहान मुलांकडून तें स्वतः कसें शिकून घेतलें, त्याची ती हकीकत आहे.

आमच्याही गांठीस एक किस्सा आहे. तो आरंभींच सांगून टाकतों. आमच्या शाळेच्या मैदानावर गोलाच्या जागीं दोन बांबू रोंवलेले असत. वर आडवी दांडी नव्हती आणि मागें जाळें नव्हतें. एका वर्गसामन्यांत चेंडू बांबूला चाटून मागें गेला. तो आंतून गेला कीं बाहेरून, ह्यावर एकच गिल्ला झाला. पंचाचें काम करणारे कवायतीचे मास्तर वयानें पोक्त होते, व त्या वेळीं ते मैदानाच्या दुसऱ्या टोकास होते. ते सावकाश आले, दोन्ही कप्तानांना गप्प केलें आणि आमच्याच गोलकीपराला म्हणाले, "तूं सर्वांत जवळ होतास. गोल झाला काय रे?" त्या पोरानें खालीं पाहिलें आणि म्हटलें, "झाला, मास्तर." मास्तरांनीं शिट्टी वाजविली आणि आम्ही तो सामना हरलों. पुढें पंधरा दिवस आम्हीं सर्वांनीं त्या गोलकीपराशीं अबोला धरला होता. ज्याच्याविरुद्ध निकाल जावयाचा त्यालाच साक्षीस बोलवावें, असें फुटबॉलच्या कोणत्याही नियमांत लिहिलेलें नाहीं. मास्तरांनीं आपलें काम त्या मुलाच्या गळ्यांत अडकविलें असें आम्हांस पुष्कळ वर्षें वाटत होतें. आतां तसें वाटत नाहीं, तें कां, हें पुढें येईलच.

फुटबॉलला पंच असावा ही सूचना करणाऱ्या अगदीं आरंभींच्या लेखकांपैकीं एक शाळामास्तरच होता, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. रिचर्ड मल्कास्टर हा लंडनमधील मर्चंट टेलर्स शाळेचा पहिला मुख्याध्यापक. १५८१ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'पोझिशन्स' ह्या आपल्या शिक्षणविषयक ग्रंथांत त्यानें फुटबॉलचा विचार केला आहे. त्या काळचा फुटबॉल म्हणजे गांवच्या गांव रस्त्यावर उतरून केलेली झोंबाझोंबी होती. त्यांत हातपाय मोडत आणि शिष्ट लोक नाकें मुरडीत. मल्कास्टरचें म्हणणें असें कीं, खेळ वाईट नाहीं, त्याची रीत वाईट आहे. खेळणारांची संख्या कमी करा, त्यांच्या बाजू आणि जागा ठरवून द्या, अंगावर धडकणें बंद करा, आणि दोन्ही पक्षांवर एक जाणता शिक्षक न्यायाधीश म्हणून नेमा. म्हणजे हाच खेळ शरीरास हितकर होईल. ह्या वाक्यांत पुढील तीनशें वर्षांचा फुटबॉल बीजरूपानें आहे. पण तें बीज रुजावयासही जवळजवळ तीनशें वर्षेंच लागलीं.

मधल्या काळांत इंग्लंडांतील मोठमोठ्या निवासी शाळांनीं हा खेळ उचलला आणि प्रत्येकीनें आपापल्या अंगणाप्रमाणें त्याला वळण दिलें. ईटन, हॅरो, विंचेस्टर, रग्बी ह्या प्रत्येक शाळेचा फुटबॉल निराळा. हे नियम शिक्षकांनीं केलेले नव्हते. ते मुलांनींच केले आणि मुलांनींच पाळले अगर मोडले. रग्बी शाळेचे नियम १८४५ सालीं प्रथम लेखी स्वरूपांत आले. ते लिहिणाऱ्या तीन वडील विद्यार्थ्यांपैकीं एक होता विल्यम डेलाफील्ड आर्नल्ड. हा त्या शाळेचे विख्यात मुख्याध्यापक टॉमस आर्नल्ड ह्यांचा मुलगा, आणि त्या वेळीं वय वर्षें सतरा. पुढें हाच तरुण हिंदुस्थानांत आला व १८५६ पासून पंजाब प्रांताच्या शिक्षणखात्याचा प्रमुख होता. त्या नियमांत पंच कोठेंच नाहीं. वाद पडल्यास दोन्ही बाजूंचे नायक, किंवा त्यांनीं नेमलेले दोघे प्रतिनिधि, हेच त्याचा अखेरचा निकाल देतील असें एक कलम आहे. दुसरें एक कलम वाचून तर आजच्या वाचकास हंसूं येईल. पांच दिवस खेळूनही निकाल न लागल्यास सामना बरोबरीचा समजावा, आणि एकही गोल झाला नसल्यास तिसऱ्याच दिवशीं तसें समजावें. वादी आणि प्रतिवादी हेच न्यायाधीश असल्यावर पांच दिवस कां लागूं नयेत?

तथापि हंसून सोडून देण्यासारखी ही व्यवस्था नव्हती. आपल्याकडील गल्लींतील मुलें आजही तिच्यावरच चालतात. एखादें लहान भावंड खेळांत घ्यावयाचें झालें तर तें 'कच्चें लिंबू'. त्याच्यावर राज्य येत नाहीं. कोणी हट्टानें निकाल फिरवूं लागला तर तो 'रडीचा डाव'. आणि हा शब्द एकदां उच्चारला गेला, कीं पंचाच्या शिट्टीपेक्षां त्याचा वचक अधिक. कोणाचा डाव आधीं हें ठरवावयाचें असेल तर खापरीच्या एका बाजूस थुंकी लावावी, ती उडवावी आणि विचारावें, "ओली कीं सुकी?" कायदा आहे, न्यायासन आहे, शिक्षाही आहे, नाहीं तो फक्त बाहेरून आणलेला न्यायाधीश. जोंपर्यंत खेळणारांना उद्यां पुन्हा एकमेकांबरोबरच खेळावयाचें असतें, तोंपर्यंत ही व्यवस्था सुखानें चालते.

ती मोडते केव्हां? उद्यां ज्याचें तोंड पाहावयाचें नाहीं अशा परक्या संघाशीं गांठ पडते तेव्हां. १८६३ च्या आक्टोबरांत लंडनमधील फ्रीमेसन्स टॅव्हर्न ह्या उपाहारगृहांत फुटबॉल असोसिएशनची स्थापना झाली आणि डिसेंबरांत तिनें तेरा नियम मंजूर केले. त्यांतही पंचाचा उल्लेख नाहीं. मोठ्या शाळांतून बाहेर पडलेल्या त्या तरुणांची अशी प्रामाणिक समजूत होती कीं, सभ्य गृहस्थ जाणूनबुजून नियम मोडीतच नाहीं. आणि चुकून मोडला तर कबूल करतो. पुढील दहापंधरा वर्षांत स्पर्धा आल्या, ढाली आल्या, पैसा देऊन आंत येणारे प्रेक्षक आले, आणि ही समजूत मागें पडली. प्रथम प्रत्येक संघानें आपला एकेक अंपायर आणावा अशी तोड निघाली. अर्थात् प्रत्येक अंपायराला आपल्याच संघाचें खरें वाटूं लागलें. म्हणून त्या दोघांचें एकमत न झाल्यास ज्याच्याकडे वाद सोंपवावयाचा, असा तिसरा गृहस्थ मैदानाबाहेर उभा करण्यांत आला. सोंपविणें ह्या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरूनच त्याला 'रेफरी' हें नांव मिळालें. १८९१ सालीं नियमांची मोठी फेररचना झाली. तिनें ह्या तिसऱ्या गृहस्थास मैदानाच्या मध्यभागीं आणून ठेवलें आणि दोन्ही अंपायरांना निशाण देऊन रेषेवर उभें केलें.

त्याच वर्षीं पेनल्टी किकही आली. ती सुचविणारा विल्यम मॅक्रम हा आयर्लंडमधील अर्माघ परगण्याच्या मिलफर्ड गांवचा. आणि गंमत अशी कीं तो स्वतः गोलकीपर होता! मोठ्या शाळांच्या माजी विद्यार्थ्यांना हा नियम म्हणजे आपल्या अब्रूवरचा घाला वाटला. गोल वांचविण्यासाठीं आम्ही मुद्दाम पाय घालूं, हें गृहीतच धरलें आहे, अशी तक्रार नामांकित खेळाडू सी. बी. फ्राय ह्यानें पुढें केली. ह्या तक्रारींत अहंकार होता हें खरें, पण थोडें सत्यही होतें. विश्वासावर चाललेला खेळ त्या वर्षीं अविश्वासाच्या पायावर उभा राहिला. त्याच सुमारास लिव्हरपूलचा इंजिनियर जॉन ब्रॉडी ह्यानें गोलामागें जाळें बांधण्याची युक्ति काढली, तीही एका वादग्रस्त गोलापासून बोध घेऊन. चेंडू आंतून गेला कीं बाहेरून, हें विचारण्यासाठीं आतां कोणाच्या सचोटीची गरज उरली नाहीं. जाळें सांगूं लागलें. आमच्या शाळेस तें जाळें परवडलें असतें, तर वर सांगितलेला किस्सा घडलाच नसता.

हिंदुस्थानांतील शाळांत फुटबॉल आला तो ह्या पंचासकट आला. त्यांतील सर्वांत विलक्षण प्रसंग श्रीनगरचा. तेथील मिशन शाळेचे प्रमुख सेसिल टिंडल-बिस्को ह्यांनीं १८९१ सालीं मुंबईहून चामड्याचा एक चेंडू नेला, आणि त्यानंतरची हकीकत स्वतःच लिहून ठेवली आहे. शाळेंतील मुलें बहुतेक काश्मिरी पंडितांचीं. ह्या खेळांत पैसा मिळत नाहीं आणि चेंडू चामड्याचा, म्हणजे अपवित्र. तेव्हां आम्ही खेळणार नाहीं, असें त्यांनीं साफ सांगितलें. बिस्को ह्यांनीं हातांत काठ्या दिलेले शिक्षक चोहों बाजूंस उभे केले, मुलांना मैदानावर आणलें, घड्याळ हातांत धरलें आणि मोजून पांच मिनिटांची मुदत दिली. मुदत संपली, काठ्या पुढें सरसावल्या आणि पायघोळ फिरन घातलेलीं तीं मुलें कशीबशीं धांवूं लागलीं. तेवढ्यांत चेंडू एका मुलाच्या तोंडावर आदळला. तो रडूं लागला. आपण बाटलों, आतां घरीं कसें जावें, हा त्याचा आकांत. सारा खेळ थांबला. बिस्को ह्यांनीं सांगितलें, त्याला कालव्यावर नेऊन तोंड धुऊन आणा. सगळींच मुलें त्याच्याबरोबर गेलीं, त्यानें तोंड धुतलें, सगळीं परत आलीं आणि सामना पुढें चालू झाला.

ह्या प्रसंगांत दोन निवाडे आहेत, आणि ते एकमेकांपासून वेगळे काढले पाहिजेत. काठीच्या धाकानें खेळावयास लावणें हा पहिला. परक्या सत्तेच्या छायेंत वावरणाऱ्या शिक्षकाला तो सुचला आणि पचला, पण त्याला न्याय म्हणतां येणार नाहीं. दुसरा निवाडा मात्र खऱ्या पंचाचा आहे. स्नानासाठीं खेळ थांबवावा असें कोणत्याही नियमांत नाहीं. रडणाऱ्या मुलास हंसून उडवून लावतां आलें असतें, किंवा त्याला कायमचें घरीं पाठवितां आलें असतें. त्याऐवजीं त्याला त्याच्या मनाचें समाधान होईल एवढा अवसर मिळाला आणि खेळांतील त्याची जागाही राखली गेली. काठीनें जें झालें नसतें तें कालव्याच्या पाण्यानें झालें.

आतां ह्या सर्व निवाड्यांची थोडी वर्गवारी करून पाहूं. पंचाच्या हातून होणाऱ्या चुका आमच्या मतें तीन प्रकारच्या असतात. पहिली नजरेची चूक, दुसरी नियमाच्या ज्ञानाची चूक आणि तिसरी खुद्द नियमाची चूक. तिन्हींना एकच माप लावलें म्हणजे सगळा घोटाळा होतो.

नजरेच्या चुकीविषयीं फुटबॉलचा कायदा कठोर आहे. मैदानांत काय घडलें, गोल झाला कीं नाहीं, ह्याविषयींचा पंचाचा निर्णय अखेरचा. खेळ पुन्हा सुरू होण्यापूर्वीं तो स्वतः आपला शब्द फिरवूं शकतो; सुरू झाल्यावर नाहीं. मोठ्यांच्या फुटबॉलमध्यें २०१८ पासून चित्रफितीच्या साहाय्यानें ठराविक बाबतींत फेरतपासणी करण्याची सोय नियमांत आली. पण शाळेच्या मैदानावर कॅमेऱ्यांची रांग कोण लावणार? तेथें एकच डोळ्यांची जोडी असते. आणि तीही बहुधा एखाद्या शिक्षकाची, हौशी बापाची, किंवा खेळणारांहून दोनचार वर्षांनीं मोठ्या अशा विद्यार्थ्याची. अशा ठिकाणीं निर्णय अखेरचा मानणें हाच शहाणपणा. तसें न केलें तर रग्बीच्या पांच दिवसांवर पाळी यावयाची. शिवाय, आपल्यावर झालेला लहानसा अन्याय गिळून उरलेली अर्धी घटका मन लावून खेळणें, हें शिक्षण पाठ्यपुस्तकांतून मिळत नाहीं.

दुसऱ्या प्रकारची चूक निराळी. पंचानें जें घडलें तें बरोबर पाहिलें, पण त्यावर नियम भलताच लावला, तर? ह्याचें नामांकित उदाहरण तरुण मुलींच्याच फुटबॉलमध्यें घडलें. ४ एप्रिल २०१५ रोजीं बेलफास्ट येथें एकोणीस वर्षांखालील मुलींच्या युरोपीय स्पर्धेच्या पात्रताफेरींत इंग्लंड आणि नॉर्वे ह्यांचा सामना होता. नॉर्वे २-१ नें पुढें. वेळ संपून वाढीव मिनिटें चाललीं असतां इंग्लंडला पेनल्टी मिळाली आणि लेआ विल्यमसन हिनें गोल केला. परंतु किक बसण्यापूर्वींच इंग्लंडची एक खेळाडू चौकटींत शिरली होती. पंचाच्या दृष्टीस हें पडलें. येथवर सर्व यथास्थित. अशा वेळीं तेव्हांचा नियम असा होता कीं, गोल झाला असल्यास पेनल्टी पुन्हा मारावयाची. पंचानें तसें न करतां नॉर्वेला अप्रत्यक्ष फ्री किक दिली. म्हणजे चेंडू गोलांत गेला नसता तर जो नियम लागला असता, तो चेंडू गोलांत गेला असतां लावला.

युरोपच्या फुटबॉल-मंडळानें तक्रार मान्य केली आणि आजवर न ऐकलेला असा हुकूम सोडला. पांच दिवसांनीं, ९ एप्रिलला, दोन्ही संघांनीं पुन्हा मैदानावर यावें आणि सामना त्या पेनल्टीपासून पुढें खेळावा. शिल्लक वेळ होता अवघीं अठरा सेकंदें. दोन्ही संघ त्याच दिवशीं दुसरा एकेक पुरा सामना खेळून आले होते. अठरा वर्षांच्या विल्यमसनला पांच दिवस आणि पांच रात्री त्या एका किकेचा विचार करीत काढावे लागले. तिनें ती पुन्हा मारली, गोल झाला, २-२ अशी बरोबरी झाली आणि इंग्लंडला अंतिम स्पर्धेंत जागा मिळाली. हीच मुलगी पुढें २०२२ सालीं युरोपचें अजिंक्यपद मिळविणाऱ्या इंग्लंडच्या संघाची कप्तान होती.

नेमकी हीच चूक दहा वर्षांपूर्वीं मोठ्यांच्या फुटबॉलमध्यें झाली होती. सप्टेंबर २००५ मध्यें ताश्कंद येथें उझबेकिस्तान आणि बहारीन ह्यांच्यांतील विश्वचषकाच्या पात्रतासामन्यांत उझबेकिस्तानचा पेनल्टीवरील गोल अशाच रीतीनें रद्द झाला. त्या वेळीं जागतिक संघटनेनें सबंध सामनाच रद्द करून तो नव्यानें खेळविला. मूळ सामना १-० नें जिंकलेल्या उझबेकिस्तानला नव्या सामन्यांत बरोबरी पत्करावी लागली आणि पुढें त्याचा मार्गच खुंटला. म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला, त्याचेंच दुरुस्तीनें अधिक नुकसान केलें. बेलफास्टचा हुकूम हास्यास्पद दिसला तरी अधिक न्याय्य होता, ह्याचें कारण हेंच. चूक जेवढी होती तेवढीच त्यानें कापून काढली. बाकीचे शहाण्णव मिनिटांचे श्रम जागच्या जागीं ठेवले.

तिसरी चूक सर्वांत गंभीर, कारण तिच्यांत पंच निर्दोष असूं शकतो. फेब्रुवारी २००७ मध्यें कॅनडाच्या क्वेबेक प्रांतांत लाव्हाल येथील मुलींच्या एका स्पर्धेंत ऑटावाकडील संघांतील अकरा वर्षांच्या एका मुलीला पंचानें मैदानाबाहेर काढलें. तिच्या डोक्यावर हिजाब होता, आणि नियमांत सांगितलेल्या पोषाखाच्या यादींत हिजाब नव्हता. तिच्या संघानें सबंध स्पर्धेंतूनच अंग काढून घेतलें. प्रकरण एका आठवड्यांत थेट नियम ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळापुढें गेलें. मँचेस्टर येथें भरलेल्या त्या मंडळानें, पोषाखाचा नियम स्पष्टच आहे, असें म्हणून पंचाची बाजू उचलून धरली. अकरा वर्षांच्या मुलीनें ह्यांतून काय समजावें? तिनें कोणाला पाडलें नव्हतें, चेंडूला हात लावला नव्हता. तिचा अपराध एवढाच कीं, १८६३ पासून चालत आलेल्या नियमांना तिच्यासारखी खेळाडू कधीं येईल असें सुचलेंच नव्हतें.

त्याच क्वेबेक प्रांतांत पुढें पगडी घालणाऱ्या शीख मुलांना खेळण्याची मनाई झाली. त्यांनीं हवें तर आपल्या घरामागील अंगणांत खेळावें, अशा आशयाचे उद्गार प्रांतिक संघटनेच्या एका अधिकाऱ्यानें काढले. जून २०१३ मध्यें कॅनडाच्या राष्ट्रीय संघटनेनें त्या प्रांतिक संघटनेलाच निलंबित केलें, आणि त्याच महिन्यांत मनाई उठली. अखेर १ मार्च २०१४ रोजीं आंतरराष्ट्रीय मंडळानें डोकें झांकणाऱ्या वस्त्रांना रीतसर परवानगी दिली. लाव्हालच्या मैदानावर वाजलेल्या शिट्टीपासून ह्या ठरावापर्यंत सात वर्षें गेलीं. तेवढ्यांत ती मुलगी मोठी झाली. तिचें बालपण तिला कोणता ठराव परत देणार? श्रीनगरच्या त्या कालव्याची आम्हांस येथें आठवण होते. तेथें जो अवसर एका मुलाला एका घटकेंत मिळाला, तोच लाव्हालला मिळावयास सात वर्षें लागलीं.

मुलांच्या स्वाभाविक न्यायबुद्धीपुढें नियम हरल्याचें एक लहानसें उदाहरण ह्याच्याच जोडीला देण्यासारखें आहे. २०१९ पर्यंत पंच हा मैदानाचाच एक भाग मानला जाई. चेंडू त्याच्या अंगावर आपटून गोलांत गेला तरी गोल खरा! लहान मैदानावर असें घडलें म्हणजे मुलें ओरडत, कीं हा कसला गोल? आणि मोठे त्यांना नियम दाखवीत. २०१९ सालीं नियम बदलला. आतां अशा वेळीं खेळ थांबवून चेंडू नव्यानें टाकतात. ओरडणाऱ्या मुलांचेंच म्हणणें अखेर खरें ठरलें.

चुका होत राहणार. खरा प्रश्न त्या झाल्यावर कडेला उभीं असलेलीं मोठीं माणसें काय करतात हा आहे. आणि येथें ही हकीकत काळोखांत शिरते. २ डिसेंबर २०१२ रोजीं हॉलंडांतील आल्मेर येथें मुलांच्या सामन्यांत हौसेनें रेषेवर निशाण धरून उभ्या असलेल्या एका बापाला प्रतिपक्षाच्या मुलांनीं सामन्यानंतर लाथांनीं तुडविलें. दुसऱ्या दिवशीं तो मरण पावला. त्याचा स्वतःचा मुलगा त्या सामन्यांत खेळत होता. शिक्षा झालेल्यांत किशोरवयीन खेळाडू होते, आणि त्यांतील एकाचा बापही होता. त्यानंतर पांचच महिन्यांनीं अमेरिकेंतील युटा संस्थानांत एका पंचानें सतरा वर्षांच्या गोलकीपराला पिवळें पत्र दाखविलें. त्या मुलानें त्याच्या डोक्यांत ठोसा मारला आणि आठवड्यानें तो पंच वारला. हीं मुलें जन्मतः दुष्ट होतीं असें आम्ही मानीत नाहीं. पंच हा आपला शत्रु आहे, हा धडा त्यांना कोठें तरी मिळाला होता. आणि तो बहुधा मैदानाच्या कडेलाच मिळतो. आपल्या चिरंजीवांस ऑफसाइड दिल्याबरोबर जो बाप पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो, तो त्या दिवशीं मुलाला फुटबॉलपेक्षां फार मोठी गोष्ट शिकवून जातो.

ह्यावर उपाय झाले नाहींत असें नाहीं. इंग्लंडमध्यें २००८ पासून पालकांनीं रेषेपासून दूर उभें राहावें म्हणून मोहीम सुरू झाली. २०२३ मध्यें तेथें कांहीं पंचांच्या छातीवर कॅमेरे लावून पाहण्यांत आले. २०१७ पासून मुलांच्या आणि हौशी सामन्यांत अपराधी खेळाडूला थोडा वेळ बाहेर बसवून पुन्हा आंत घेण्याची मुभा नियमांनीं दिली. मुलाला हांकलून देण्यापेक्षां त्याचें डोकें थंड होऊं द्यावें, ही कल्पना बरी आहे. परंतु सर्वांत धीट प्रयोग जर्मनींत झाला. आखेन शहराच्या परिसरांत ह्या शतकाच्या पहिल्या दशकांत अगदीं लहान मुलांसाठीं असे सामने सुरू झाले, कीं ज्यांत पंचच नसतो. नियमभंग झाला कीं नाहीं, चेंडू कोणाचा, हें मुलांनींच आपसांत ठरवावयाचें. दोन्ही संघांचे शिक्षक एकाच जागीं शेजारीं शेजारीं उभे राहतात आणि अगदींच अडलें तर मदत करतात. पालकांना मात्र पुष्कळ लांब उभें करतात! पुढें जर्मनीच्या राष्ट्रीय संघटनेनेंही ही पद्धत स्वीकारली.

म्हणजे फिरून आपण रग्बीच्या सतरा वर्षांच्या आर्नल्डपाशीं आणि आपल्या गल्लींतील ओल्या-सुक्या खापरीपाशीं आलों. ह्यावरून पंच नकोच असा निष्कर्ष कोणी काढूं नये. परक्यांशीं खेळावयाचें तर पंच हवाच, आणि त्याचा शब्द मानलाच पाहिजे. नजरेच्या चुकीबद्दल त्याला क्षमा करावी. ज्ञानाची चूक त्याच्या वरिष्ठांनीं बेलफास्टप्रमाणें मोजून मापून दुरुस्त करावी. आणि चूक नियमाचीच असेल तर मुलाला बाहेर न काढतां नियमाला बाहेर काढावें. पण ह्या तिन्हींच्या आधीं एक गोष्ट लागते, आणि ती पंच देऊं शकत नाहीं. ती म्हणजे, चेंडू आंतून गेला असेल तर तो आंतून गेला असें म्हणण्याची खेळणाराची तयारी.

आमच्या कवायतीच्या मास्तरांनीं त्या दिवशीं बांबूजवळ उभ्या असलेल्या मुलाकडे तीच मागितली. त्यांनीं काम टाळलें नव्हतें. मैदानावर जो एकमेव खरा साक्षीदार होता त्याला त्यांनीं ओळखलें होतें, आणि तो खोटें बोलणार नाहीं असा त्याच्यावर विश्वास टाकला होता. त्या मुलानें विश्वास राखला आणि त्याचें मोल आम्हीं पंधरा दिवस त्याच्याकडून वसूल केलें. पुढें अबोला सुटला, पुन्हा आम्ही एकत्र खेळलों, शाळा संपली. पण त्या दिवशीं तूं बरोबर होतास, एवढे शब्द आमच्यापैकीं एकाच्याही तोंडून त्याच्यापुढें निघाले नाहींत. पंचांच्या विचित्र निवाड्यांवर पानें भरून लिहितांना, आमचा तो स्वतःचा निवाडा ह्या यादींत घालावयाचा राहूं नये, म्हणून येथें नमूद करून ठेवीत आहों.